आधी पोटभाडेकरू, मग मालक

नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, मशीन बंद करत होते. माणसं हसतात. त्यांना वाटतं म्हातारी विनयानं बोलतेय. विनयाचा आणि माझा फारसा संबंध नाही, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. मशीन सुरू करायला फार अक्कल लागत नव्हती, सकाळच्या पाळीला येणारा कुणीही ते करायचा. बंद करायची वेळ आली की मात्र सगळे एकेक पाऊल मागं सरकायचे आणि म्हणायचे, सुनंदाला बोलवा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुंबईतल्या एका मोठ्या गणनकेंद्रात मी ऑपरेटर होते. अंबडच्या प्राथमिक शिक्षकाची मुलगी तिथं कशी पोचली ते सांगत बसले तर दिवाळी अंकाची सगळी पानं मलाच लागतील, आणि संपादकांनी इतरही लोकांना शब्द दिलेला आहे. तेव्हा थेट मशीनकडे वळते.

आज कॉम्प्युटर म्हटलं की नातवाच्या मांडीवरची पाटी डोळ्यांपुढं येते. आमचं मशीन म्हणजे कपाटांची आळी होती. मेनफ्रेम म्हणायचे त्याला. त्याच्या दालनात बारा महिने हिवाळा. मे महिन्यातसुद्धा मी स्वेटर घालून बसायचे आणि बाहेरचे लोक मला वेडी समजायचे. एवढं मशीन एकट्या माणसाला देणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यात एक नवी व्यवस्था बसवली होती. वेगवेगळ्या खोल्यांत टाइपरायटरसारखी टर्मिनलं होती. प्रत्येक टर्मिनलवर बसलेल्या माणसाला असं वाटायचं की अख्खं मशीन आपलंच आहे. त्याचं मशीन, त्याची डिस्क, त्याचा छापखाना. खरं तर त्या एकाच मोठ्या मशीननं रचलेली ही खोटी मशिनं. इंग्रजीत त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणत. आम्ही ऑपरेटर लोक त्यांना पोटभाडेकरू म्हणायचो, आणि खालच्या खऱ्या मशीनला मालक.

एक प्राध्यापक होते. त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं होतं की तुम्हाला स्वतंत्र मशीन मिळालंय. ते एक दिवस दालनात येऊन उभे राहिले. म्हणाले, "माझं कुठलं ते दाखवा." मी खूप समजावलं. "बाई, मी भाडं भरतो, मला माझं मशीन बघायचंय," एवढंच त्यांचं पालुपद. शेवटी मी कोपऱ्यातल्या एका कपाटाकडं बोट दाखवलं. त्यांनी समाधानानं त्यावर हात फिरवला आणि गेले. त्या कपाटात आमचे स्वेटर असायचे.

आता बंद करण्याबद्दल. मालकाला झोपवायला एकच शब्द पुरायचा. तो शब्द टाइप केला की मशीन निमूटपणे थांबायचं, कुरकुर नाही, तक्रार नाही. पण त्या क्षणी वर जेवढे पोटभाडेकरू काम करत असतील ते सगळे हवेत विरायचे, कारण ते मुळात नव्हतेच. त्यांनी डिस्कवर लिहिलेली पानं डिस्कवर असायची, पण कुठलं पान कुठं आहे ही अनुक्रमणिका फाइल मिटतानाच लिहिली जायची. फाइल मिटण्याआधी मालक थांबला तर पानं असून नसल्यासारखी. म्हणून नियम असा, की आधी एकेका पोटभाडेकरूला त्याच्या भाषेत सांगायचं, बाबा आवर. तो आवरून, कुलूप लावून बाहेर पडला की पुढचा. सगळे गेले की मगच मालक.

मला हे कुणी शिकवलं नाही. मी एकाचं झालेलं नुकसान पाहिलं होतं. पुलांच्या कमानींचं गणित करणारे एक गृहस्थ केंद्रात यायचे. एकदा दुसऱ्या पाळीत कुणीतरी घाईनं मालकच आधी थांबवला. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ आले, टर्मिनलवर बसले, उठले, आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. मी चहा नेऊन दिला. तो त्यांनी हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. परत ते केंद्रात आलेच नाहीत. त्या दिवसापासून मी बंद करायची रीत पाठ करायला लागले. कोण कसा वागतो, कोणाला किती वेळ लागतो, कोण हट्टी आहे, हे मला पोटभाडेकरूंच्या चाळीतल्या बाईसारखं माहीत झालं.

त्याच वेळी पद्मा आली. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात ती माझ्या खोलीत राहायची. ती कुंभार पिंपळगावची, मी अंबडची. मुंबईत एवढं अंतर म्हणजे सख्खी बहीणच. तिचे वडील माणिकराव म्हणजे गावातलं जुनं शेतकरी घराणं, भरपूर जमीन, दोन विहिरी. पद्मा पीएचडी करत होती आणि तिचा विषयही विहिरीच होता. एकानं मोट किंवा पंप लावून पाणी उपसलं की शेजारच्याच्या विहिरीची पातळी किती आणि कधी उतरते, आमच्याकडच्या काळ्या मातीखालच्या खडकात पाणी कुठून कुठं जातं, याचं गणित. "तुमच्या विहिरीचं पाणी जमिनीखालून आमच्या लोकांच्या वस्तीतल्या आडात येतं हे तुला सिद्ध करायचंय तर," असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "येतंच. विचारून थोडंच येतं?"

हे गणित भयंकर लांबलचक होतं. एका फेरीचं उत्तर पुढच्या फेरीला लागायचं. पद्माचं यंत्र आठवडेच्या आठवडे फेऱ्या मारत होतं, तिच्या टर्मिनलवर कुणी बसलेलं नसतानाही. तशी सोय होती. पोटभाडेकरूला आत कामाला लावून दार ओढून घ्यायचं आणि निघून जायचं. केंद्रानं तिला हा वेळ फक्त उन्हाळ्याच्या सुटीपुरता दिला होता. सुटी संपली की तो वेळ दुसऱ्या कुणाचा. घरूनही माणिकरावांनी निक्षून सांगितलं होतं, "दिवाळीपस्तोर पुस्तक पुरं कर, न्हाई तं बोऱ्याबिस्तर घेऊन घरी ये. पाव्हणे बघून ठिवलेत." म्हणजे फेऱ्या बुडाल्या की प्रबंध बुडाला, आणि प्रबंध बुडाला की पद्मा बोहल्यावर.

आता माझं लग्न. ते त्याच मे महिन्यात ठरलं. मुलगा हसनाबादचा, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारा. नाव प्रकाश. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं सासूबाईंचं मत होतं, पण गोष्ट सांगायची तर नावं लागतात. अंबडला शाळेच्या पटांगणात मांडव घातला. पद्मा आधीच माझ्याबरोबर आली होती. तिला घेऊन जायला म्हणून का होईना, माणिकराव आमच्या मांडवात आले, खुर्चीवर बसले, सरबत प्यायले. आमच्या वस्तीत त्याची दोन दिवस चर्चा होती.

सकाळची वेळ. पांढरी साडी नेसून, केसांत मोगरा माळून मी तयार बसले होते. बौद्धाचार्य आले होते, मेणबत्त्या लावायच्या बाकी होत्या. तेवढ्यात पोस्टातला शिपाई सायकलवरून आला, घामानं निथळत. "सुनंदाबाई कोन? मुंबईहून पीपी कॉल हाय. आरजंट."

पीपी कॉल म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवून दिला जाणारा ट्रंककॉल. घरात फोन कुणाकडं नव्हता. कॉल पोस्टात यायचा आणि माणूस पळत जायचा. माझी आई म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मी उठले. पद्माही उठली. नवरी पदर खोचून बाजारातून पळत निघालेली अंबडनं त्याआधी पाहिली नसावी. कचेरीत तारखेला आलेली माणसं आमच्या मागं निघाली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पोस्टात फोन सांभाळायला सय्यदचाचा होते. पांढरी दाढी, कानाला रिसीव्हर आणि आवाज असा की तारेविनाच जालन्याला जावा. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडं डिसूझा. आमच्या केंद्रातला जुना, जाणता ऑपरेटर, पण त्याची हयात आधीच्या मशिनांवर गेली होती. नव्या व्यवस्थेत तो नुकताच आला होता.

"सुनंदा, सॉरी, तुझी शादी आहे मला ठाऊक आहे," तो ओरडत होता, "पण एसीचा प्लांट बसला. दालन भट्टी झालंय. इलेक्ट्रिशियन म्हणतो तासाभरात मशीन ट्रिप होऊन आपोआप बंद पडणार. साहेब दिल्लीला. मी एका शब्दात बंद करू शकतो, पण तो पुलवाला माणूस मला आठवला."

मला त्या क्षणी डिसूझाचा मुका घ्यावासा वाटला. लग्नाच्या दिवशी, दुसऱ्याच माणसाचा. "हात नका लावू मालकाला," मी म्हणाले. "मी सांगते तसं करा."

पण माझा आवाज औरंगाबादच्या पुढं जाईना. डिसूझा नुसता "हॅलो, हॅलो" करत होता. सय्यदचाचांनी रिसीव्हर काढून घेतला. "तू बोल बेटी. मै पहुंचाता." म्हणून मी एकेक वाक्य म्हणायची आणि चाचा ते मुंबईला फेकायचे. म्हणजे मुंबईच्या जोडीला अर्ध्या अंबडलाही ते ऐकू जायचं.

"कोण कोण आत आहे ते विचारा. क्यू अन् नेम्स असं टाइप करायला सांगा."

"क्यू? क्यू कायका?"

"रेशनच्या रांगेचा," मी म्हणाले, आणि तेच पुढं गेलं.

डिसूझानं नावं वाचली. टर्मिनलवर बसलेल्या सगळ्यांना सूचना गेली, आवरा, मिटा, बाहेर या. एकेक नाव गळायला लागलं. चाचा मोठ्यानं सांगायचे, "एक गया. और एक गया." दाराशी उभी असलेली माणसं प्रत्येक नावाला मान हलवायची. त्यांना वाटलं असणार, मुंबईत कुणी वारतंय की काय. मी वळून एवढंच सांगितलं, की मशीन बंद करायचंय, आणि आत कामं चालू आहेत ती नीट बंद झाली पाहिजेत. मध्येच एक जण जाड्याभरड्या आवाजात म्हणाला, "मंग आपली गिरणी हाय तसंच की. जात्यात दाणे असता इंजन बंद केलं की बसला बोंबलत." त्याला सगळं बरोबर समजलं होतं.

प्राध्यापक काही उठेनात. भाडं भरतो म्हणाले. डिसूझा गयावया करत होता. मी चाचांना सांगितलं, "त्यांना म्हणावं, तुमचं कपाट तापलंय. त्याला विसावा पाहिजे." प्राध्यापक लगेच उठले. मग हिशेबखात्याचा मोठा पोटभाडेकरू. त्याच्या पोटात त्याचे स्वतःचे भाडेकरू होते. त्याला नवी कामं घ्यायची बंद करायला सांगितलं, हातातलं काम संपू दिलं, आणि मग दार लावायला लावलं.

आता एकच नाव उरलं होतं. पद्माचं.

दरम्यान मांडवातून माणसं येऊन पोचली होती. सासूबाई पुढं. त्यांनी भरल्या पोस्टातली आपली सून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, लगीन सोडून ही बजारात उभी राहून वरडून राह्यली! लोकं काय म्हंतीन? टाइम चालला ना!"

प्रकाश त्यांच्या मागं उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, हातात हार तसाच. लग्न ठरल्यापासून आम्ही मोजकं बोललो होतो. हा माणूस कसा निघतो हे मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "आई, टाइम कशाचा? छप्पन्न सालीच आपण मुहूर्त सोडला. आता लागलं काय अन् मंग लागलं काय, लगीन ते लगीनच. बौद्धाचार्य बसलेत, म्हंतात सावकाश येऊ द्या." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमचं चालू द्या. पन कुणाचं काम आडकलंय ते तं सांगा."

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाबरोबर आनंदानं संसार केला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. दुसऱ्या कुठल्या घरात त्या दिवशी अक्षता वेळेवर पडल्या असत्या आणि पद्माच्या विहिरी बुडाल्या असत्या. मी मोठ्यानं सांगितलं, "आपल्या पिंपळगावच्या पद्माचं काम आहे. विहिरींचं गणित. आत्ता बुडालं तर परत होणार नाही." माणसं आणखी पुढं सरकली. मुंबईचं मशीन कुणाचंही असो, पिंपळगावची लेक आपली होती.

पद्माच्या पोटभाडेकरूला बाहेरून हाक ऐकू जात नव्हती. डिसूझाला पद्मा बनून, तिच्या नावानं आत जावं लागणार होतं. त्यासाठी तिचा पासवर्ड हवा. मी तिच्याकडं पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. "सुनंदा, कानात सांगू का?" मी म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, चाचांना ओरडायचंय."

पद्मानं एकदा वडिलांकडं पाहिलं. माणिकराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मग तिनं डोळे मिटले आणि एकेक अक्षर बोलायला लागली, आणि चाचा नेहमीप्रमाणे गावांच्या नावानं ते पुढं पोचवायला लागले. "एन नांदेड का. ए अंबड का. के कुंभार पिंपळगाव का. ओ उस्मानाबाद का. एल लातूर का. ए फिरसे अंबड का. जी घनसावंगी का. एन नांदेड का." आणि मग सवयीनं, खात्री करून घ्यायला, सगळं एकत्र करून त्यांनी दणदणीत आवाजात विचारलं, "नको लग्न! बराबर?"

पोस्टात हसू फुटलं. नवरी मीच असल्यामुळं दोघा-तिघांनी माझ्याकडं आणि प्रकाशकडं पाहिलं. पद्मा जमिनीकडं बघत होती. माणिकराव तेवढे हसले नाहीत. लेकीकडं बघतच ते चाचांना म्हणाले, "पुढलं सांगा. तिकडं मशीन तापून राह्यली."

डिसूझा आत शिरला. आणि लगेच त्याचा घाबरा आवाज आला, तो मला चाचांच्या कानाशेजारूनही ऐकू आला. "सुनंदा, मेलं हे! गप्प झालं! काही करत नाही!"

मला हसू आलं, कारण हा त्या व्यवस्थेचा जुना खोडसाळपणा होता. दार ओढून गेलेल्या पोटभाडेकरूच्या घरात तुम्ही परत पाऊल टाकलंत, की तो हातातलं काम थांबवून उभा राहतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघतो. त्याला 'बिगीन' असं सांगावं लागतं. मग तो सोडल्या जागेवरून सुरू होतो. मी तोंड उघडलं, "सांगा, बिगीन..." आणि लाइन गेली.

चाचांनी रिसीव्हर आपटला, हुक बडवला, जालन्याला हाका मारल्या. जालना मिळालं. जालना म्हणालं, औरंगाबाद-मुंबई लाइनवर दुसरे कॉल बसलेत, थांबा. पद्माचं यंत्र आत मध्यावर उभं होतं आणि डिसूझाला वाटत होतं ते मेलं. मेलंच आहे असं समजून त्यानं मालक बंद केला, तर संपलं. मी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या चावत होते म्हणे. मला आठवत नाही, सासूबाई सांगायच्या.

गर्दीत कापसाचा एक आडत्या होता. सकाळपासून मुंबईचा बाजारभाव विचारायला अर्जंट कॉल लावून बसला होता. तो पुढं आला. "चाचा, माझा नंबर लागलाय ना आता? त्याच्यात हिचा टाका."

"सेठ, तुमचा भाव?"

"भाव उद्याबी येईन. पोरीचं काम उद्या येतंय का? टाका जल्दी."

चाचांनी जालन्याला सांगितलं, जालन्यानं औरंगाबादला. आणि मला कळलं की ही सगळी मंडळी मधल्या तारेवर आमचं बोलणं ऐकत होती, कारण औरंगाबादची ऑपरेटर बाई स्वतःच म्हणाली, "ते विहिरीवालं ना? देते, देते." घंटा वाजली. डिसूझा लाइनवर आला. "मी बंद करायलाच हात नेला होता," तो म्हणाला.

"बिगीन!" हा शब्द मी चाचांच्या आधी स्वतःच ओरडले, आणि तो नक्की मुंबईला पोचला असणार.

पलीकडून टाइपरायटरची टकटक ऐकू आली. डिसूझा हर्षानं ओरडला, "लिहायला लागलं! चालू आहे, फेरी चालू आहे!" मग पद्मानं तिच्या गणिताला थांबवायचा शब्द सांगितला. तो होता 'थांब', साधा मराठी थांब, इंग्रजी अक्षरांत. डिसूझानं तो दिला. पण तिचं गणित शहाणं होतं, सांगितल्या सांगितल्या थांबणारं नव्हतं. हातातली फेरी पुरी करून, उत्तर लिहून, फाइल मिटूनच थांबायचं. तेवढा वेळ सगळ्यांनी नुसती वाट बघायची होती. तीन मिनिटं झाली की कॉल तुटायची वेळ यायची. औरंगाबादची बाई दरवेळी यायची, आणि तोडण्याऐवजी विचारायची, "झालं का हो?" चाचा म्हणायचे, "अभी न्हाई बाई, रुको." ती थांबायची.

मग डिसूझाचा आवाज आला, आता हळू आणि स्पष्ट. "फाइल क्लोज्ड. तुझी मैत्रीण बाहेर पडली, सुनंदा. यादीत आता फक्त मी आहे."

"मग आता मालकाला निजवा," मी म्हणाले. चाचांनी ते शब्द जसेच्या तसे पोचवले. दोन-चार टकटका झाल्या, आणि डिसूझा म्हणाला, "बंद. मशीन एकदम सुखात बंद."

चाचांनी रिसीव्हर उंच धरला आणि जाहीर केलं, "सब के सब सलामत!" अंबडच्या पोस्टात त्याआधी आणि त्यानंतर इतक्या टाळ्या पडल्या नसतील. आडत्यानं टोपी उडवली. तारखेला आलेल्या एका माणसाला कचेरीत पुकारा झाल्याचं कळलं आणि तो पळत सुटला, तरीही जाता जाता टाळ्या वाजवत गेला. मी आयुष्यात पुष्कळ वेळा मशीन बंद केलं, दालनात बसून, हाताशी सगळं असताना. उंटावरून शेळ्या हाकल्या त्या तेवढ्या एकदाच, आणि एकही शेळी हरवली नाही. त्याचा मला आजही गर्व आहे आणि तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही.

माणिकराव पद्माजवळ आले. आता काय बोलतात म्हणून मीच घाबरले होते. त्यांनी विचारलं, "मशीन परत कधी चालू व्हायची?"

"गार झालं, दुरुस्त झालं की. दोनेक दिवसांत," पद्मा म्हणाली.

"मंग तू हितं काय करून राह्यली? सुनंदाचं लगीन लागू दे, जेव, अन् सांच्या गाडीनं मुंबईला जाय."

"आन् पाव्हणे?" पद्मानं खाली मान घालून विचारलं.

"पाव्हण्याला मी सांगतो काय सांगायचं ते. म्हंतो, पोरगी आमची पान्याच्या मागं हाय. आमच्या अख्ख्या गावात पान्याचा शोध लावनारं दुसरं हाय का कुणी?" मग ते बाहेर जाऊन आडत्याशी कापसाचं बोलत उभे राहिले.

लग्न दुपारी लागलं. फोटोत मी घामानं भिजलेली आहे, मोगरा अर्धा गळलेला आहे, आणि मी दात काढून हसतेय. नवरीनं असं हसू नये, असं त्या वेळी सगळ्यांचंच मत होतं. सय्यदचाचा जेवायला आले आणि बौद्धाचार्यांच्या शेजारी बसले. पद्माचा प्रबंध दिवाळीआधी पुरा झाला. नंतर ती एका कॉलेजात शिकवायला लागली आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावच्या विहिरी मोजत हिंडायची. आमचं ते मोठं मशीन काही वर्षांनी मोडीत निघालं. त्याची कपाटं ट्रकमध्ये चढताना मी पाहायला गेले नाही. ज्याला इतक्या वेळा हळुवार निजवलं त्याला कुणी फरफटत नेताना बघणं मला जमलं नसतं.

पण माझ्या लेखी ही गोष्ट लग्नाच्या दिवशी संपली नाही. मशीन नीट बंद झालं की नाही, हे ते परत सुरू झाल्याशिवाय कळत नाही. मी हसनाबादला सासरी गेले. भांडी घासताना, पाहुण्यांच्या पाया पडताना डोक्यात एकच, फाइल मिटली म्हणतात, पण मिटली का? डिसूझानं नीट पाहिलं असेल का?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दाराशी तारवाला उभा राहिला. त्या काळात गावात तार आली की रडणं आधी सुरू व्हायचं आणि तार नंतर फोडली जायची. सासूबाईंनी गळा काढला. शेजारच्या बायका धावत आल्या, कुणी मला धरलं, कुणी पाणी आणलं. तार प्रकाशनं फोडली. त्यानं वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

"कोन गेलं रे?" सासूबाईंनी पदरातून विचारलं.

"कुणी न्हाई गेलं, आई. पद्माबाईची तार हाय. जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू झालं, असं लिव्हलंय. सगळे परत आले."

मला रडू कोसळलं. इतकं की शेजारणींना वाटलं, तार दुसरंच काही सांगतेय आणि हा लपवतोय. सासूबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं, डोळे पुसले, आणि आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आल्या.